प्रवाळावरून स्कूटर नेण्याआधी

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सिंधुदुर्ग,
सिंधुदुर्गनगरी (ओरोस).

विषय: मालवणच्या प्रवाळांवर स्नॉर्केलिंगसाठी पाण्याखालच्या स्कूटर येण्याआधी नियम ठरवण्याबाबत.

महोदय,

वैभववाडीला समुद्र नाही. तरीही हे पत्र वैभववाडीहून लिहिले जात आहे, त्याला कारण आहे. करूळ किंवा भुईबावडा घाट उतरून आलेली कोल्हापूर-सांगलीकडची गाडी इथे चहाला थांबते आणि गाडीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो: मालवण अजून किती? ऐंशीएक किलोमीटर, असे उत्तर मिळाले की दुसरा प्रश्न येतो, स्कूबाला किती घेतात? करूळ घाट कामासाठी बंद होता तेव्हा इथल्या टपऱ्यांवरची वर्दळ कशी ओसरली होती, हे तालुक्याने पाहिले आहे. जिल्ह्याच्या किनाऱ्यावर जे घडते त्याचे पैसे थोडेफार इथेही झिरपतात आणि बिघडले तर झळही इथपर्यंत येते. 1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला तो अख्खा जिल्हा, फक्त किनाऱ्यालगतची गावे नव्हेत. त्यामुळे समुद्राविषयी बोलायला वैभववाडीकरांनी परवानगी मागायची गरज नसावी.

विषय आहे पाण्याखालच्या स्कूटरचा. दोन हातांनी समोर धरायचे हे छोटे यंत्र. आत लिथियम बॅटरी आणि मोटर, मागे जाळीदार कवचात फिरणारा पंखा. दोन्ही मुठींवरची बटणे दाबली की पंखा फिरतो, सोडली की थांबतो. तीन-चार किलोपासून वजन, वेग साधारण ताशी पाच-सहा किलोमीटर. म्हणजे चांगला पोहणारा पायांत फिन घालून जेवढा दमून जाईल, त्याच्यापेक्षा जास्त अंतर पोहता न येणारा माणूस न दमता जातो. हवाईसारख्या ठिकाणी वाटाड्या पुढे आणि पाच-सहा पर्यटक मागे, प्रत्येकाच्या हातात स्कूटर, अशा प्रवाळदर्शनाच्या सहली विकल्या जातात. व्हिडिओत तो प्रकार फार देखणा दिसतो. आणि जे व्हिडिओत देखणे दिसते ते मालवणला यायला वेळ लागत नाही. जेट-स्की, बनाना राइड, बंपर, पॅरासेलिंग सगळे असेच आले. आधी एकाने आणले, पुढच्या हंगामात दहाजणांनी. या स्कूटर तर आता ऑनलाइन घरपोच मिळतात. त्यासाठी धक्का लागत नाही, मोठे भांडवल लागत नाही, आणि बोटीच्या कोपऱ्यात चादरीखाली चार स्कूटर मावतात.

या यंत्राचा इतिहास गमतीचा आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या नौदलाने पाणबुड्यांना बसवून नेणारे टॉर्पेडो बनवले होते. डिसेंबर 1941 मध्ये अलेक्झांड्रिया बंदरात शिरून अशाच स्वारांनी ‘क्वीन एलिझाबेथ’ आणि ‘व्हॅलियंट’ या दोन ब्रिटिश युद्धनौका जायबंदी केल्या. पुढे 1950च्या दशकात दिमित्री रेबिकॉफ या समुद्रतळाच्या छायाचित्रकाराने कॅमेरा घेऊन फिरण्यासाठी आपली पाण्याखालची वाहने तयार केली. 1965 च्या ‘थंडरबॉल’ या बाँडपटाने ती घरोघरी पोहोचवली. शत्रूच्या जहाजाखाली जाण्यासाठी जन्मलेली वस्तू सहकुटुंब सहलीच्या पॅकेजपर्यंत आली ती अशी.

ही स्कूटर वाईटच आहे असे कोणी म्हणणार नाही. गुडघे दुखणाऱ्या आजोबांना, फिन मारता न येणाऱ्या मुलीला, पाण्याच्या ओढीला घाबरणाऱ्याला तिचा आधार होतो. समुद्रतळाची पाहणी करणारे पाणबुडे लांबचा पल्ला गाठायला तिच्यासारखी वाहने वापरतात. खोल, मोकळ्या, नितळ पाण्यात ती उत्तम चालते. अडचण एवढीच की मालवणचे प्रवाळ खोल, मोकळ्या, नितळ पाण्यात नाहीत.

लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचे आखात आणि कच्छचे आखात ही देशातली प्रवाळांची नावाजलेली ठिकाणे. मालवणला तसा सलग रीफ नाही. इथे खडकांवर तुकड्या-तुकड्यांनी प्रवाळ आहेत: पोराइट्स, फेविट्स, गोनिअ‍ॅस्ट्रिया यांचे गोळे, टर्बिनारियाच्या थाळ्या. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, पद्मगडाजवळ, रॉक गार्डनकडच्या खडपांत. काही तर इतके वर आहेत की मोठ्या ओहोटीला डबक्यांत सापडतात. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या वर जातो. सकाळी डोक्यावरून पाणी असलेल्या जागी दुपारी कमरेइतकेच उरते. त्यात पाण्याची नितळाई. पावसाळ्यात खाड्यांनी आणून टाकलेला गाळ तळाशी बसलेला असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्यातल्या त्यात बरा काळ, पण त्या काळातही वारा फिरला की नावाडीच सांगतो, “आज पानी गढूळ आसा, काय दिसाचा नाय.”

आता याच पाण्यात पोराइट्सचा एक गोळा जवळून पाहू. मोहरीच्या रंगाचा, नारळाएवढा, लांबून अगदी धोंडा. तोंड जवळ नेले की त्याच्या अंगभर मिलिमीटरभराची भोके दिसतात आणि प्रत्येक भोकात एकेक जीव. या जिवांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. ते उजेडावर अन्न बनवते आणि यजमानाला वाटा देते. पोराइट्स वर्षाला सेंटिमीटरच्या आसपास वाढतो, तेव्हा नारळाएवढा गोळा दहा-पंधरा वर्षांचा तरी असतोच. त्याच्यावर फिनचा एक फटका बसला की पांढरट ओरखडा उठतो. त्यावर गाळ बसला तर तो चिकट स्राव सोडून अंग झटकतो, पण त्यात त्याची ताकद जाते, आणि गाळाने उजेड अडवला की आतल्या शैवालाचे कामही अडते. एकदा गाळ बसला तर तो निभावून नेईल. दिवसातून चाळीस वेळा बसला तर नाही.

स्कूटरचा मुद्दा इथेच येतो. पंखा पाणी मागे फेकतो म्हणून स्कूटर पुढे जाते. नवखा माणूस खाली गेला आणि त्याला वर यायचे असले की तो यंत्राचे नाक वर करतो. नाक वर झाले की मागचा झोत तिरपा खाली जातो, थेट तळावर. दहा मीटर पाण्यात त्याने काही बिघडत नाही. दोन मीटर पाण्यात प्रवाळाच्या तुकड्यावर हा झोत म्हणजे रांगोळीवर सोडलेला टेबलफॅन. शिवाय एकाच्या मागे एक असे सहाजण त्याच वाटेने जातात. पहिल्याला प्रवाळ दिसतो, सहाव्याला पहिल्या पाचजणांनी उडवलेला गाळ दिसतो. पैसे मात्र सहाहीजणांचे सारखेच.

दुसरी गोष्ट वेगाची. प्रवाळाकडे पाहायला वेळ लागतो. खबदाडीत तोंड बाहेर काढून बसलेला हेकरू मासा, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचा कळप, दगडाला चिकटलेली रंगीत गोगलगाय, यांपैकी काहीच पाच किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्याला दिसत नाही. मासे तर स्कूटर यायच्या आधीच पांगतात. मग त्यांना परत बोलवायला बिस्किटांचा पुडा फुटतो, जो आजही मालवणच्या पाण्यात सर्रास फुटतो.

आता सुरक्षिततेकडे. पर्यटकाच्या अंगावर लाइफ जॅकेट असलेच पाहिजे, हा नियम योग्यच आहे. जॅकेट घातलेला माणूस पाण्यावरच राहतो, बुडी मारूच शकत नाही. मग स्कूटर त्याला फक्त पृष्ठभागावर ओढणार. म्हणजे जाहिरातीतली गंमत गेली. ती गंमत हवी असेल तर जॅकेट काढावे लागते, आणि पोहता न येणाऱ्याच्या अंगावरून जॅकेट काढून त्याच्या हातात त्याला खाली खेचणारे यंत्र द्यायचे, हे कोणत्या नियमात बसणार? पाण्याच्या दाबाने कान दुखू लागतो तो अगदी पहिल्या दोन-तीन मीटरांतच. पाणबुडा हळूहळू उतरतो, नाक दाबून कान मोकळे करतो. स्कूटर त्याला तो वेळच देत नाही. श्वास रोखून वारंवार खाली जाणाऱ्यांना वर येताना अचानक भोवळ येते आणि तोंडावर मास्क असल्याने ते बाजूच्याला कळतही नाही, हा धोका जगभरच्या पोहण्याच्या प्रशिक्षकांना ठाऊक आहे. तेव्हा एका वाटाड्याच्या मागे सहा स्कूटर म्हणजे वाटाड्याने मागे वळून पाहीपर्यंत दोघे नजरेआड. आणि वर बोटी ये-जा करीत असतात. पृष्ठभागावर भलत्याच ठिकाणी उगवलेले डोके बोटवाल्याला दिसेलच असे नाही.

आणखी एक अडचण खास मालवणची. हा रापणीचा, जाळ्यांचा समुद्र आहे. खडपांत अडकून तुटलेल्या नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे तळाशी लोंबत असतात. डोळ्यांना न दिसणारा एखादा दोरा पंख्यात गेला की यंत्र जाम होते आणि ते सोडून वर यावे हे घाबरलेल्याला सुचत नाही, कारण ते भाड्याचे असते आणि डिपॉझिट भरलेले असते! बॅटरीच्या झाकणाचे रबरी कडे वाळूने भरले की पाणी आत शिरते. ते कडे रोज धुऊन, पुसून, वंगण लावून बसवायचे असते. हंगामात दिवसाला पाच-सात फेऱ्या मारणाऱ्या बोटीवर हे कोण करणार, याचा अंदाज आपणही करू शकाल.

कायद्याची बाजू पाहिली तर कायदे कमी नाहीत, उलट धनी जास्त आहेत. 13 एप्रिल 1987 रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्रफळ 29.122 चौरस किलोमीटर, त्यातला गाभा 3.182 चौरस किलोमीटरचा. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाचा परिसर त्यातच. त्या वेळी मच्छीमारांना विश्वासात घेतले नाही, म्हणून विरोध झाला तो आजही पुरता विझलेला नाही, आणि त्याचा विसर पडू नये. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या लेखी वाघाच्या पंगतीला. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत प्रवाळांचा समावेश सर्वांत संवेदनशील अशा पहिल्या वर्गात आहे. बोटींचे परवाने महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड देते. साहसी पर्यटनासाठी राज्याने 2021 मध्ये धोरण आणले, त्याची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे. अभयारण्य वन खात्याचे, कांदळवन कक्षाची कामे किनाऱ्यावर, मासेमारी मत्स्यव्यवसाय खात्याकडे, अपघात झाला की पोलीस. हातात धरायच्या पाण्याखालच्या स्कूटरला यांपैकी कोणाचा परवाना लागतो? ती बोट नव्हे, म्हणून बोर्डाच्या नियमात चपखल बसत नाही. ती स्कूबा नव्हे, म्हणून डायव्हिंगच्या नियमातून निसटते. असे निसटणारे साधन बाजारात येते तेव्हा त्याचा नियम पहिला अपघात करतो.

हे कडू वाटेल, पण जिल्ह्याला याचा अनुभव आहे. 24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली, दोघांचा जीव गेला. जलपर्यटनाची पावसाळी बंदी 26 मेपासून सुरू होते आणि 31 ऑगस्टपर्यंत असते. म्हणजे अपघात बंदीच्या दोनच दिवस आधीचा. त्यानंतर क्षमता, परवाने, जॅकेट यांची चर्चा झाली. ती आधी झाली असती तर बरे, एवढेच.

मुंबईचे उदाहरण इथे मुद्दाम घ्यावेसे वाटते. सागरी किनारा मार्गाचे काम सुरू झाले तेव्हा वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ सापडले. हजारो कोटींचा प्रकल्प असूनही महापालिकेला वन्यजीव कायद्याखाली परवानगी घेऊन, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीने ते प्रवाळ उचलून दुसरीकडे लावावे लागले. मुंबईच्या गढूळ पाण्यातल्या, कोणी बघायलाही जात नाही अशा प्रवाळांसाठी एवढा कागद रंगला. मालवणचे प्रवाळ तर अभयारण्यात आहेत आणि जिल्ह्याला दरवर्षी पैसे मिळवून देतात. त्यांच्यावर मात्र बोटी नांगर टाकतात, पर्यटक उभे राहून फोटो काढतात. याच राष्ट्रीय संस्थेच्या संशोधकांनी मालवण अभयारण्यात हौशी डायव्हिंगमुळे प्रवाळांना होणाऱ्या इजेवर 2020 मध्ये ‘मरीन पोल्युशन बुलेटिन’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच जबाबदारी कोणीच घेत नसल्याची तक्रार आहे. तो निबंध स्कूटरपूर्व काळातला आहे, हे लक्षात घ्यावे.

त्यात समुद्र तापतो आहे. एप्रिल 2024 मध्ये अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेने आणि आंतरराष्ट्रीय प्रवाळ गटाने जगभर चौथ्यांदा प्रवाळ पांढरे पडत असल्याचे जाहीर केले. पाणी तापले की प्रवाळ आतले शैवाल बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. पाणी लवकर थंड झाले तर सावरतो, नाहीतर मरतो. ते तापमान ओरोसच्या कचेरीतून कमी करता येणार नाही. नांगर, गाळ, फिन आणि पंखा मात्र कमी करता येतील.

इतरांनी काय केले? हवाईतल्या ओआहू बेटावर हनौमा बे नावाचा उपसागर आहे. 1967 पासून तो संरक्षित, तरी 1980च्या दशकाअखेर तिथे वर्षाला सुमारे तीस लाख माणसे उतरत होती. मग संख्या बांधली, तिकीट लावले, आठवड्यातले दोन दिवस उपसागर बंद ठेवला आणि 2002 पासून पाण्यात उतरण्याआधी एक छोटी चित्रफीत बघणे सक्तीचे केले: प्रवाळावर उभे राहू नका, माशांना खाऊ घालू नका. कोरोनाच्या काळात तो बंद राहिला तेव्हा पाणी नितळ झाले आणि मंक सील जास्त वेळा दिसू लागले. थायलंडने तर जून 2018 मध्ये माया बे हा जगप्रसिद्ध किनारा सरळ बंदच केला. दिवसाला पाच हजारांवर माणसे आणि त्यांच्या बोटींचे नांगर यांनी तिथले प्रवाळ खलास झाले होते. साडेतीन वर्षांनी, जानेवारी 2022 मध्ये, तो उघडला तेव्हा बोटींना उपसागरात बंदी, धक्का बेटाच्या मागच्या बाजूला आणि एका वेळी मोजकी माणसे. थायलंड पर्यटनावर जगणारा देश आहे, त्यालाही हे परवडले.

मालवणचे काय, तर इथे माणसे आहेत. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची ‘इसदा’ ही स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे; सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचा तिच्या उभारणीत वाटा मोठा. यूएनडीपीच्या सिंधुदुर्ग किनारा प्रकल्पात स्थानिक तरुण स्नॉर्केलिंग शिकले. गाबीत समाजातल्या कितीतरी घरांत बाप जाळे टाकतो आणि मुलगा मास्क लावून पर्यटकाचा हात धरतो. त्या मुलाला कुठला खडप कुठे, पाणी केव्हा फिरते, सुकतीला ओढ कुणीकडे जाते हे पुस्तकाविना ठाऊक असते. त्याचे हे ज्ञान आज विकले जात नाही, विकला जातो तो दर. समोरच्याने शंभर रुपये कमी केले की याने दीडशे करायचे. मग खर्च भरून काढायला फेऱ्या वाढवायच्या. या चढाओढीत स्कूटर आली तर ती आणखी एक ‘कॉम्बो’ होईल: स्कूबा, बनाना, बंपर, वर स्कूटर फुकट.

उलट उदाहरण जिल्ह्यातच आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या महिला पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. इंजिन नाही, वल्ही. खेकडा कुठे, खंड्या कुठे, हे त्या थांबून सांगतात. वेगाशिवाय पर्यटन चालते, याचा हा दाखला. मालवणला फक्त स्नॉर्केलिंगची, बिनइंजिनाची, तासाभराची, सोबत जाणता वाटाड्या अशी सहल तशीच विकता येईल, आणि तिला स्कूबाच्या दराइतकाच भाव मागता येईल. लोक पैसे पाण्यात शिरण्याचे देत नाहीत, काहीतरी दिसण्याचे देतात.

मग स्कूटर पूर्ण बंद? तशी मागणी या पत्रात नाही. जिथे तळ वाळूचा आणि पाणी खोल आहे तिथे ती चालू द्यावी. जानेवारी 2024 मध्ये नौदलातून निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ ही नौका निवतीच्या परिसरात तळाशी ठेवून पाण्याखालचे संग्रहालय करण्याचा प्रकल्प पर्यटन महामंडळाकडे आहे. पोलादी जहाजाभोवती, प्रशिक्षित पाणबुड्यांसाठी, स्कूटर शोभेल. तिथे झोताने रंग उडाला तर रंग उडेल, दहा वर्षांचा जीव मरणार नाही. अभयारण्याच्या गाभ्यात आणि किल्ल्याभोवतीच्या उथळ प्रवाळांवर मात्र तिला जागा नसावी. पंख्याचे कुठलेही साधन, मग ते हातात धरायचे असो की पायाला बांधायचे, इथे वर्ज्य, असा एका ओळीचा आदेश पुरेल.

तो आदेश देण्याची जागा आपल्याकडे आहे. किनारा नियमन अधिसूचनेनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समिती असते आणि तिच्यात मच्छीमारांसह स्थानिक पारंपरिक समाजाचे किमान तीन प्रतिनिधी घ्यावे लागतात. मेरीटाइम बोर्ड, वन खाते, पर्यटन, मत्स्यव्यवसाय आणि पोलीस यांना एका टेबलाशी बसवण्याचा अधिकार आपल्याशिवाय जिल्ह्यात कोणाला नाही. त्या बैठकीत प्रवाळांच्या तुकड्यांचा नकाशा ठरावा, त्यांच्यावर नांगराऐवजी कायमच्या बोयांना बोटी बांधण्याची सोय व्हावी, एका वाटाड्यामागे किती माणसे याचा आकडा लागावा आणि तो तिकिटावर छापला जावा. बिस्किटे बंद. गढूळ पाण्याच्या दिवशी फेरी रद्द झाली तर पर्यटकाला पैसे परत आणि नावाड्याला अभयारण्य शुल्कातून नुकसानभरपाई, म्हणजे गढूळ पाण्यात माणसे उतरवायचा मोह राहणार नाही. शेवटची गोष्ट खर्चाची आहे, म्हणून ती आधी कापली जाईल; तीच आधी धरावी. आणि वाटाड्यांचे प्रतिनिधी बैठकीत खुर्चीवर असावेत, दाराबाहेर नव्हे. 1987 मध्ये मच्छीमार बाहेर होते.

घाटमाथ्यावरून येणाऱ्या पर्यटकाला नियम किल्ल्याच्या धक्क्यावर कळून उपयोग नाही. तोवर पॅकेज ठरलेले असते. वैभववाडी रोड स्थानक, एसटी स्टँड, करूळ घाटाचा पायथा आणि नापणे धबधब्याकडचा फाटा, एवढ्या चार ठिकाणी फलक लागले तरी निम्मी गाडी सावध होते. फलकावर मोठी वाक्ये नकोत. मालवणला कोणाकडे परवाना आहे, तो कसा ओळखायचा, प्रवाळावर काय चालत नाही आणि तक्रारीचा क्रमांक, एवढे पुरे. फलकाचा खर्च तालुक्यातल्या ग्रामपंचायतींकडे आणि व्यापाऱ्यांकडे मागून पाहावा.

पावसाळी बंदी 31 ऑगस्टला संपते, पण पाणी नितळ व्हायला नोव्हेंबर उजाडतो. या मधल्या दोन महिन्यांत मालवणचे बोटवाले पुढच्या हंगामाची खरेदी करतात. नियम त्याच्या आधी निघाला तर कोणाचे पैसे अडकणार नाहीत. खरेदीनंतर निघाला तर पोटावर पाय आला म्हणून लोक मोर्चा काढतील, आणि त्यांचेही चुकणार नाही. म्हणून बैठक ऑगस्टमध्ये घ्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
वैभववाडी तालुक्यातील एक रहिवासी

प्रत माहितीसाठी: महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड, वन विभाग (कांदळवन कक्ष), पर्यटन संचालनालय, मालवण नगर परिषद, तहसीलदार, वैभववाडी.